भिंतीकडून दाराकडे

१

दर रविवारी सकाळी दहाला मी आत्याकडे जाते. तिसरा मजला, जिना अरुंद, आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी सायकल अशी उभी की आडवं होऊनच पुढं सरकावं लागतं. आत्याच्या दाराची बेल बंद आहे. ती दुरुस्त करायची नाही असा तिचा हुकूम आहे, कारण बेल वाजली की माणसं येतात. मी दार वाजवते, आतून "उघडंच आहे" असं ऐकू येतं, दार कधीच उघडं नसतं, मग पावलं सरपटत येतात आणि कडी निघते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. वय शहाऐंशी. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. एकच खोली, एका कोपऱ्यात ओटा, दोन खुर्च्या, खिडकीशी पलंग. पूर्वी मी पाऊण तास बसायचे, तिच्या औषधांच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून द्यायचे आणि निघायचे. बाबा गेल्या वर्षी गेले आणि त्यांचं कपाट आवरताना मला कळलं की या घराबद्दल मला काहीच ठाऊक नाही. कपाटात चष्म्याची सहा रिकामी घरं निघाली, पण आजोबांचं नाव लिहिलेला एक कागद निघाला नाही.

म्हणून मी नोंदणी कार्यालयातून एक पातळ पुस्तिका आणली. "आपल्या घराण्याचा शोध: पहिली पावलं." पहिलं पाऊल असं की तळाच्या चौकटीत स्वतःचं नाव लिहा आणि तिथून वर चढत जा. मला तिथंच ठेच लागली. मी चार वर्षांची असताना बाबांनी मला संस्थेतून आणलं. ही गोष्ट घरात कुणी लपवली नाही, आई असेपर्यंत ती हौसेनं सांगायची. पण तळाच्या चौकटीतून वर चढायला दांडा लागतो, आणि माझा दांडा कुठं टेकतो ते मला कधीच नीट कळलं नव्हतं.

मी दुसऱ्या पावलावर उडी मारली. घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला बोलतं करा. रेकॉर्डर लावा. मध्ये तोंड घालू नका.

२

शेवटची सूचना मला सांगायची गरज नव्हती. माझा धंदाच तो आहे. सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून शब्दन्‌शब्द टाइप करायचे, गेली छत्तीस वर्षं. साक्षीदार अडखळला तर अडखळणं लिहायचं, खोकला तर खोकला लिहायचा. साहेबांना काय म्हणायचं असेल ते मी लिहीत नाही, काय म्हणाले ते लिहिते, आणि म्हणून साहेब मला जरा टरकून असतात.

या धंद्यानं माझा कान फार बारीक केलाय, आणि त्याचा त्रासही होतो. कारण आत्या मला "आपण" म्हणत नाही.

आपल्या भाषेत ही सोय आहे. "आम्ही जेवणार आहोत" म्हणजे तुम्ही निघा, आणि "आपण जेवणार आहोत" म्हणजे बसा. आत्यानं मला कधी घालवून दिलं नाही, तापात रात्र रात्र उशाशी बसली आहे, माझ्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री तिनंच केली. पण तोंडी कायम "आमच्याकडे असं करतात", "आमचे आजोबा", "आमच्यातलं नाक". चोपन्न वर्षांत एकदाही चुकून "आपल्यातलं" आलं नाही. मी लहानपणी त्या शब्दाची वाट बघायचे. मोठेपणी बघत नाही असं स्वतःला सांगायचे. खरं सांगायचं तर पुस्तिका आणली, रेकॉर्डर घेतला, तो सगळा खटाटोप एवढ्याचसाठी होता. आत्याला बोलू द्यावं, खूप बोलू द्यावं, कधीतरी जीभ घसरेल.

पहिल्या रविवारी ती दीड तास बोलली. त्यांचा काचेचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भट्टी आणि चार माणसं. आजोबा आणि काका कंदिलाच्या काचा फुंकायचे. भट्टीला लागून घरातली झोपायची खोली.

"पुरुष माणसं भट्टीपाशी झोपायची," आत्या म्हणाली. "आम्ही बायका आणि पोरं आत, एका ओळीत. भट्टीकडची भिंत ऊन असायची, म्हणून सगळ्यांना भिंत हवी. पण ती ताईला, आमच्या थोरल्या बहिणीला. ताई किडकिडीत, बारा महिने नाक गळायचं. मग आजी. मग धाकटी काकू, मग थोरली काकू, मग आई. मग तुझा बाबा, आईला चिकटून. मग मी. मग दार."

"तुला थंडी नाही वाजायची?" मी तोंड घातलंच.

"वाजायची की. तीन पांघरुणं जोडून एक केलेलं. भिंतीकडून कुणी ओढलं की माझे पाय उघडे."

ती हसली. ऐकता ऐकता मी मनात शब्द मोजले होते. "आम्ही" एकतीस. "आपण" शून्य.

३

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात ते टाइप करायला घेतलं. माझ्या टेबलाखाली एक पॅडल असतं. दाबलं की आवाज थांबतो, सोडलं की तीन सेकंद मागं जाऊन पुन्हा सुरू होतो. कानात हेडफोन, पायात पॅडल, बोटं चालू. डोकं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

"आम्ही बायका आणि पोरं आत, एका ओळीत," मी टाइप केलं. आणि बोटं थांबली, कारण कानात ते नव्हतं.

मी पॅडल दाबून सोडलं. "आपण बायका आणि पोरं आत, एका ओळीत."

आवाज आत्याचा. तीच लकब, तोच दातांच्या कवळीचा बारीक टकटक आवाज. वाक्य तेच, फक्त तो एक शब्द बदललेला. मी पॅडल दाबलं, सोडलं. आपण. पुन्हा. आपण. आधी मला आनंदच झाला. म्हटलं, म्हणाली होती बाई, मीच ऐकलं नाही. इतकी वर्षं "आम्ही" ऐकून कानाला घट्टे पडलेत. मला रडू आलं आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंनी न विचारता पाण्याचा पेला सरकवला.

मग मी पुढं ऐकलं.

"मग आई. मग तुझा बाबा, आईला चिकटून. मग मी. मग तू. मग दार."

मी पॅडल दाबून धरलं. बराच वेळ धरलं असणार, पोटरीत गोळा आला.

४

माणसानं अशा वेळी शहाण्यासारखं वागावं. मी शहाण्यासारखी वागले. म्हटलं, आत्या शहाऐंशीची आहे, काळाची सरमिसळ होते. कुठल्याशा सुट्टीत मी तिच्याशेजारी झोपले असेन, ते त्या ओळीत जाऊन बसलं. पण मग मी तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसून ते ऐकलं कसं नाही? माझाच कान गेला असेल, तर या कानानं लिहिलेल्या साक्षींवर लोकांची भांडणं मिटली, त्यांचं काय?

पुढच्या रविवारी मी रेकॉर्डर लावला आणि शिवाय मांडीवर वही घेतली. मला लघुलिपी येते. "आम्ही"ची खूण खाली वळते, "आपण"ची वर. झोपेतही चुकणार नाही. आत्या बोलत गेली, मी खुणा काढत गेले. एकेचाळीस खुणा, सगळ्या खाली वळलेल्या.

सोमवारी रेकॉर्डिंग ऐकलं. एकेचाळीस वेळा "आपण".

मी ते पेचकसकडे नेलं. हा आमच्या ऑफिसातला यंत्रं दुरुस्त करणारा. सगळे त्याला पेचकसच म्हणतात, खरं नाव पगारपत्रकात असेल. त्याच्या कानावर माझा स्वतःच्या कानाइतका विश्वास आहे. काही न सांगता मी त्याला हेडफोन दिला.

त्यानं दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं. "आजीबाई झकास बोलतात. काय अडलंय?"

"आम्ही म्हणतात का आपण?"

"आपण. का हो?"

"यंत्र शब्द बदलू शकतं का?"

"यंत्राला तेवढी अक्कल नाही, ताई." त्यानं हेडफोन काढला, मग पुन्हा एका कानाला लावला. "तुम्ही किती जण होतात खोलीत?"

"दोघीच."

"मग हे कोण हलतंय?" त्यानं आवाज वाढवला आणि आत्याच्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेवर आणून थांबवला. "ऐका. कापड ओढल्यासारखं. आणि श्वास. एकाचा नाही. हा एक, हा जरा घरघरता, हा लहान मुलाचा." तो बोटं दुमडत मोजत होता, कामाच्या नादात. सहावर आला आणि त्याचं बोट तिथंच राहिलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेजारच्या घरातला आवाज येत असेल भिंतीतून."

"असेल," मी म्हटलं. आत्याची खोली कोपऱ्यातली आहे. दोन बाजूंना बाहेरची हवा, तिसरीला जिना, चौथीला बंद गोदाम.

५

पुस्तिकेतलं तिसरं पाऊल: ऐकलेलं नोंदींशी ताडून पाहा. मला तेव्हा कागदाचीच गरज होती. कागद श्वास घेत नाही.

नोंदणी कार्यालयात मी दोन दिवस रजा टाकून बसले. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज दिला, त्यात एक रकाना "मृताशी नातं" असा. मी पेन धरून बसले. बाई म्हणाल्या, "काहीतरी लिहा हो, कुणी वाचत नाही." मी लिहिलं, "घरची". त्यांनी खरोखरच वाचलं नाही.

नोंदवह्या चांगल्या जपलेल्या होत्या. एकेक नाव सापडलं की मी छोट्या कार्डावर मृत्यूची तारीख उतरवायचे. आत्यानं सांगितलेल्या ओळीतली सहा माणसं गेलेली, म्हणून सहा कार्डं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलावर तारखांप्रमाणे लावली.

ताई, अकरा वर्षांची, तापानं. तिच्यानंतर दोन वर्षांनी आजी. मग धाकटी काकू, ऐन सव्विशीत. मग थोरली काकू. मग आई, म्हणजे माझी आजी, नव्वदीची होऊन. मग बाबा, गेल्या वर्षी.

मी कार्डांकडे बघत होते. वयाप्रमाणे म्हणावं तर ताई सर्वांत आधी का? धाकटी थोरलीच्या आधी का? बाबा आत्याहून सहा वर्षांनी लहान, ते आधी गेले आणि ती अजून मला औषधांवरून बोलणी ऐकवते. सहा कार्डांचे सातशेवीस क्रम होतात, शाळेत शिकवलं होतं. त्यातला एक कुठलातरी येणारच, आणि तो हा आला, एवढंच. मी हे स्वतःला तीनदा समजावलं. मग कार्डं पिसली, पुन्हा तारखा बघून लावली.

ताई. आजी. धाकटी काकू. थोरली काकू. आई. बाबा. भिंतीकडून दाराकडे.

त्या वाचनकक्षात उंच खिडक्या होत्या आणि भरपूर ऊन होतं. पंधरा माणसं आपापल्या पूर्वजांवर वाकलेली. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण ती थोडी होती. जास्त वाटलं ते वेगळंच. एखाद्या फार मोठ्या इमारतीत पहिल्यांदा शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं झालं. पाऊणशे वर्षं ती ओळ तशीच होती. कुणी जागा सोडली नव्हती, कुणी कुणाच्या पुढं गेलं नव्हतं.

६

रविवारी मी आत्याच्या हातात हेडफोन दिला. तिनं तो कानाला उलटा लावला, मी सरळ केला.

ती ऐकत राहिली. मला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकून म्हणेल, हे मी नाही बोललेले. पण ती स्वतःकडे लक्षच देत नव्हती. शब्द चालू असले की तिचा चेहरा कोरा, आणि मधल्या जागा आल्या की मान वाकडी करून, जीव कानात आणून ऐकणं.

"धाकटी काकू," ती हळूच म्हणाली. "अजून तशीच घोरते."

मी कार्डं काढून पलंगावर लावली. तिनं ती वाचली नाहीत. नुसता हात फिरवला.

"तुला कुणी सांगितलं तारखा काढायला?"

"तुला ठाऊक होतं?"

"थोरली काकू गेली तेव्हा मोजलं मी, तू यायच्या आधी. मग आईचं झालं. मग तुझ्या बाबाला जपत राहिले, स्वेटर घाल, हे खाऊ नको, ते खाऊ नको. तो म्हणायचा, बहीण नाहीस तू, जेलर आहेस." तिनं शेवटचं कार्ड सरळ केलं. "तुला आणली त्या दिवशी तो दारातच म्हणाला, ही आता आपली. मी म्हटलं, 'माझी' म्हण, 'तुझी' म्हण, वाटेल ते म्हण. आपली म्हणू नकोस."

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ओढत होतं. ते पूर्ण वर जाईपर्यंत मी कार्डं गोळा करून एकावर एक ठेवली.

"मला वाटायचं," मी म्हटलं, "मी परकी आहे म्हणून."

"वाटू दिलं मी. काय करणार?" आत्या खिडकीकडे बघत होती. "माझ्यानंतर दार आहे. तिथं संपू दे ते. तू बाहेरची राहा. शंभर वर्षं राहा."

मला तिचा इतका राग आला आणि तिच्यावर इतकी माया आली की मी उठून ओट्याशी गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले. चोपन्न वर्षं. एका शब्दानं मला दाराबाहेर धरून ठेवलं होतं हिनं, आणि सगळा जोर लावून धरलं होतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये ती बाकीची माणसं तिच्याच तोंडून, एकेचाळीस वेळा, मला आत बोलवत होती.

७

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही फक्त गोळ्या लावल्या. तिसऱ्या रविवारी दार उघडायला तिला पाच मिनिटं लागली. डॉक्टर येऊन गेले होते, छातीत पाणी झालंय म्हणाले होते, आणि दवाखान्यात जायला आत्यानं साफ नकार दिला होता. मी तिला पलंगावर उशांना टेकवून बसवलं, पायांवर पांघरूण घातलं. बाहेर लख्ख अकरा वाजलेले.

"लाव तुझं ते," ती म्हणाली. "भट्टी बंद झाली त्या दिवसाचं राहिलंय सांगायचं."

मी रेकॉर्डर लावला. हेडफोन एकाच कानाला लावला, दुसरा मोकळा ठेवला. आवाज नीट येतोय का हे बघायला आम्ही तसंच करतो. खुर्ची ओढायला लागले, मग नको वाटलं, आणि पलंगाला टेकून खाली जमिनीवर बसले. माझ्या डाव्या हाताला खोलीचं दार होतं.

"शेवटची काच काकांनी फुंकली," आत्या म्हणाली. "मग जाळ ओढून काढला. त्या दिवशी पहिल्यांदा भिंत गार झाली. आम्ही सगळे..."

मोकळ्या कानात "आम्ही". दुसऱ्या कानात, त्याच क्षणी, त्याच श्वासात, "आपण". दोन शब्द माझ्या डोक्याच्या मधोमध भेटत होते. आणि हेडफोनच्या कानात तिच्यामागं ती खोली होती. कापड सरकत होतं. लहान मुलाचा श्वास होता, आणि तो मी ओळखला, कारण म्हातारपणीही बाबांचा श्वास आत घेताना तसाच एकदा अडायचा.

"आम्ही सगळे भिंतीला हात लावून बघत होतो," आत्या म्हणाली. तिला धाप लागत होती. "एकेक जण. आधी ताई. मग आजी. आम्ही..."

"आपण," मी म्हटलं.

आत्या थांबली.

मी छत्तीस वर्षांत कुणाचा शब्द दुरुस्त केलेला नाही. पण तो मी केला, आणि पुन्हा म्हटला, सावकाश, वाक्यासकट. "आपण सगळे भिंतीला हात लावून बघत होतो."

"मूर्ख आहेस," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अगदी बापावर गेलीस."

मग माझ्या उजव्या बाजूला, पलंगालगत जिथं नुसती फरशी होती, तिथं खांदे होते. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कडेला जेवढं मावलं तेवढंच पाहिलं: भर उन्हात, भिंतीपर्यंत, एकाला एक लागून, अंधूक नाही आणि चमकतही नाही, नुसती दाटीवाटीनं बसलेली माणसं. सर्वांत पलीकडे एक बारीक मुलगी पुढं वाकून बघत होती की शेवटी कोण आलंय. तिनं नाक पुसलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी हात जोडावेसे वाटले. मी ते मांडीवर दाबून धरले.

माझ्याशेजारची जागा मोकळी होती. एका माणसाची.

आत्यानं वरून हात खाली सोडला. तो माझ्या खांद्यावर विसावला, गरम आणि जवळजवळ वजन नसलेला. पांघरुणाचं टोक पलंगावरून घसरत माझ्या मांडीवर आलं आणि पलीकडून कुणीतरी ते हलकेच ओढलं.

आता दोन्ही कानांत एकच आवाज येत होता.

"सरक जरा," आत्या म्हणाली. "मला बसू दे."

मी दाराकडे सरकले. फटीतून वारा येत होता, आणि पायांना गार लागत होतं.